बॅटरीला लाल टॅग

गुरुवारी सकाळी, चहात बिस्किट बुडवता बुडवता, उद्धवरावांनी एक छोटासा निर्णय घेतला. गाडीची नवी बॅटरी ह्या वेळी शास्त्रशुद्ध पद्धतीनं निवडायची. (बिस्किट तेवढ्यात तुटून चहात पडलं. पण शकुन-अपशकुन मानणारा माणूस क्वालिटी डिपार्टमेंटला टिकत नाही.)

"निवडायचंय काय त्यात?" विजयश्री म्हणाली. "दुकानात जायचं, आणायची, बसवायची. रविवारी साखरपुडा आहे."

"हीच ती वृत्ती," उद्धवराव बायकोला म्हणाले. "ह्या वृत्तीमुळंच रिजेक्शन वाढतं."

उद्धवराव मूळचे धाराशिवकडचे. बावीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी पिंपरीकडं आले आणि चाकणच्या एका कंपनीत माल तपासायला लागले. तेव्हापासून माल नाकारणं हाच त्यांचा पेशा, आणि खरं सांगायचं तर छंदही तोच. कोथिंबिरीची जुडी घेताना ते देठ मोजत. चिखलीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येही त्यांनी कंपनीची टॅगपद्धत लागू केली होती. वस्तू ठीक असेल तर हिरवा टॅग. शंका असेल तर पिवळा, म्हणजे होल्ड, तपासणी होईपर्यंत वापर बंद. आणि लाल टॅग म्हणजे वस्तू बाद, चोवीस तासांच्या आत घराबाहेर. हे नियम टाइप करून फ्रीजवर चिकटवलेले होते. एकदा लाल टॅग लागलेला कोराकरकरीत मिक्सर बाहेर काढताना विजयश्रीनं "अहो, खरंच टाकू?" असं विचारलं होतं. त्यावर तिला चाळीस मिनिटांचं व्याख्यान ऐकावं लागलं, आणि फ्रीजवर सातवा नियम वाढला : टॅग लागलेल्या वस्तूबाबत विचारणा करू नये.

आता गाडीचं. गाडी डिझेलची, नव्या जमान्याची, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. गेल्या वर्षी विजयश्रीच्या भावाच्या, म्हणजे समाधानच्या, चाकणच्या नव्या घराची वास्तुशांत होती. निघाले आणि मोशीच्या पुढं गाडीनं मान टाकली ती टाकलीच. शेवटी एका टेम्पोत पाण्याच्या जारांमध्ये बसून दोघं पोचले, तेव्हा पंगती उठून सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. तेव्हापासून समाधान बहिणीला फोन करतो तो "काय ताई, टेम्पो बरा आहे ना?" असं विचारूनच.

त्या प्रकाराची उद्धवरावांनी चौकशी केली (स्वतःच) आणि निष्कर्षही काढला. दोष चाकण रस्त्याच्या खड्ड्यांचा, आणि विजयश्रीनं लावलेल्या एसीचा. बॅटरी महिन्यापूर्वीच नवी टाकलेली होती आणि ती त्यांनीच पसंत केली होती, पण हा मुद्दा चौकशीत आला नाही. विजयश्रीनं मात्र तेव्हापासून एसीच्या बटणाला हात लावला नव्हता. एप्रिलातसुद्धा ती ओला रुमाल मानेवर ठेवून बसायची.

ह्या रविवारी समाधानच्या मुलीचा, स्वरूपाचा साखरपुडा होता. विजयश्री सख्खी आत्या. तिनं एकच वाक्य सांगून ठेवलं होतं : "ह्या वेळी गाडी बंद पडली, तर मी पुन्हा माहेरच्या दारात उभी राहणार नाही." हे वाक्य ती ओरडून म्हणाली नव्हती, म्हणूनच ते जास्त धोक्याचं होतं.

चार्ज करकरून वर्षभर रेटलेली ती बॅटरी आता पुरती बसली होती आणि गाडी आठवडाभर जागेवर उभी होती. तर गुरुवारची सुट्टी साधून उद्धवराव निघाले. निगडीच्या पहिल्या दुकानात बॅटऱ्या फरशीवर ठेवलेल्या दिसल्या. ते उंबऱ्यावरूनच परत फिरले. पिंपरीच्या दुकानदाराला त्यांनी प्रोसेस कंट्रोलबद्दल विचारलं. त्यानं पंखा बंद करून "जेवणाची सुट्टी" अशी पाटी लावली. (सकाळचे साडेदहा वाजले होते.)

तिसरं दुकान थेरगावात, प्रज्वल नावाच्या तरुण दुकानदाराचं. त्यानं गाडीचं मॉडेल विचारलं आणि सरळ सांगितलं, "काका, ह्या गाडीला ईएफबी म्हणतात ती लागते. जास्त दमाची असते. डिझेल इंजिन, वर एवढा इलेक्ट्रॉनिक कारभार. साधी टाकली तर वर्षाच्या आत बसते. आधी कुठली होती?"

"ती... आधीच्या मालकानं टाकलेली होती," उद्धवराव म्हणाले आणि त्यांना उगाचच खोकला आला.

मग निवड सुरू झाली. पहिल्या बॅटरीच्या कडीवर ओरखडा होता. बाद. दुसरीचं लेबल तिरकं वाटलं. उद्धवरावांनी खिशातून व्हर्नियर काढून मोजलं, तर दोन मिलिमीटर भरलं.

"काका, लेबल बॉनेटच्या आत जाणार आहे."

"आज लेबल वाकडं, उद्या आतल्या प्लेटा वाकड्या."

तिसरी चार महिन्यांपूर्वी तयार झालेली निघाली. बाद. चौथीत कितीही शोधलं तरी दोष सापडेना, त्यामुळं तिच्यावर त्यांचा संशय जास्तच बळावला. तीही बाद. पाचवी गेल्याच महिन्यातली होती, लेबल सरळ, कडी स्वच्छ, मीटरवर आकडा चोख. उद्धवरावांनी तिच्याभोवती दोनदा फेरी मारली आणि मान डोलावली.

"आमच्यात मुलगी बघायला गेले तरी एवढं बघत नाहीत," प्रज्वल घाम पुसत म्हणाला. "चला, घरी येऊन दहा मिनिटांत बसवून देतो."

"आज नाही. अठ्ठेचाळीस तास होल्डवर ठेवणार. दर सहा तासांनी व्होल्टेज बघणार. शनिवारी संध्याकाळी या."

प्रज्वलनं हात जोडले. तो नमस्कार होता की आणखी काही, ते कळलं नाही.

अठरा किलोची ती बॅटरी मांडीवर घेऊन उद्धवराव रिक्षानं घरी आले. बाल्कनीत लाकडी पाटावर तिची स्थापना झाली. आता पिवळा टॅग लावायचा, तर पिवळे टॅग संपलेले. इस्त्री, कुकरची शिट्टी, बाथरूमचा नळ आणि सासूबाईंनी पाठवलेली लोणच्याची बरणी, सगळं घर होल्डवर होतं. हिरवा लावावा तर तपासणी पूर्ण झालेली नाही. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं म्हणून उद्धवरावांनी लाल टॅग लावला, त्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात "होल्ड" लिहिलं आणि खाली पेननं चांगली झोकदार सही ठोकली. हीच गोष्ट कंपनीत दुसऱ्या कोणी केली असती, तर उद्धवरावांनी त्याला तासभर उभा केला असता.

शुक्रवारी फर्स्ट शिफ्ट करून कंपनीच्या बसनं ते साडेचारला घरी पोचले. बूट न काढताच मीटर घेऊन बाल्कनीत गेले. पाट होता, बॅटरी नव्हती.

"विजयश्री! बॅटरी कुठंय?"

"दिली."

"कोणाला?"

"हातगाडीवाल्या भंगारवाल्याला. लाल टॅग होता. चोवीस तास व्हायला अर्धाच तास राहिला होता. म्हटलं, तुमचं ऑडिट फेल जायला नको."

उद्धवराव पाटावर बसले. "अगं, नवीकोरी होती ती!"

"मिक्सरही नवाकोराच होता."

"त्यावर पेन्सिलीनं होल्ड लिहिलं होतं!"

"पेन्सिलीनं लिहिलेलं ग्राह्य धरू नये. नियम पाच."

"अगं पण विचारायचं तरी!"

 विजयश्रीनं फक्त फ्रीजकडं पाहिलं. उद्धवरावांनीही पाहिलं. नियम सात त्यांनी ठळक अक्षरात छापून घेतला होता.

"बदल्यात काय दिलं त्यानं?"

"हा निळा टब."

उद्धवरावांनी टबाकडं बघितलं. अशाही अवस्थेत टबाच्या काठाला राहिलेलं जादा प्लास्टिक त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

भंगारवाला माल कुठं घालतो, ते वॉचमनला ठाऊक होतं. मोशीकडं ज्योतीरामचं भंगाराचं आवार आहे, तिथं. गाडी तर मेलेलीच. मग विजयश्रीनं स्कूटर काढली आणि मागं उद्धवराव बसले, टब डोक्यावर धरून. वाटेत सिग्नलला कंपनीतले दोघंतिघं दिसले, तेव्हा तो टब चेहरा झाकायलाही उपयोगी पडला.

ज्योतीराम इथल्याच जुन्या गावातला. शेती एमआयडीसीत गेली, उरलेल्या अर्ध्या एकरात त्यानं हे आवार मांडलं. दोघं आत शिरले तेव्हा तो हातात ग्राइंडर घेऊन एका बॅटरीसमोर उकिडवा बसला होता. बॅटरीवर लाल टॅग फडफडत होता.

"थांबा! थांबा! थांबा!" उद्धवराव टबासकट धावले.

ज्योतीरामनं वर बघितलं. "आरं तिच्या! सायेब तुमी? या, या. चा सांगू?"

"आधी ते यंत्र खाली ठेवा. ही बॅटरी माझी आहे."

"आसंल की. सही बी तुमचीच हाय. म्हनून तर म्या सोता छाटाया बसलो."

"अहो, चुकून आली. परत द्या."

ज्योतीरामनं मान हलवली. "ते न्हाई जमायचं, सायेब," असं म्हणून त्यानं ग्राइंडरनं भिंतीकडं खूण केली.

भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटनं हातभर अक्षरांत लिहिलं होतं : "एकदा लाल, कायम लाल. देव आला तरी माल परत नाही." आणि खाली : "उद्धवराव साहेब."

उद्धवरावांना आठवलं. तीन वर्षांपूर्वी कंपनीनं भंगार नेणाऱ्या ठेकेदारांना बोलावून शिकवलं होतं. बाद माल गुपचूप पुन्हा बाजारात येतो, म्हणून तो आधी छाटायचा, फोटो काढायचा आणि काही झालं तरी परत द्यायचा नाही. शिकवणारे अर्थातच उद्धवराव. टाळ्यासुद्धा पडल्या होत्या.

"ते मी बोलण्याच्या ओघात म्हणालो होतो हो," ते म्हणाले.

"देव आला तरी न्हाई, आसं म्हनलावता. तुमी तर नुसतं सायेब हाय."

विजयश्री एका पालथ्या पिंपावर बसली होती. "अक्षर काय सुरेख काढलंय हो भाऊ," ती भिंतीकडं बघत म्हणाली. तिला इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

उद्धवरावांनी डोकं खाजवलं आणि ते एकदम ओरडले, "डेव्हिएशन! ज्योतीराम, डेव्हिएशनचा कागद!"

कंपन्यांत अशी एक पळवाट असते. बाद माल गिऱ्हाईकानं "चालेल" असं लिहून दिलं, तर पुन्हा वापरता येतो. त्या कागदावर काय चुकलं, चूक कोणाची, हे लिहायचं आणि खाली गिऱ्हाईकाची सही. ज्योतीराम नियमाचा पक्का. त्याच्या टेबलाच्या खणात कोरे कागद तयार होते. उद्धवरावांनी भराभर भरायला घेतलं. "चूक कोणाची" ह्या रकान्याशी पेन अडलं. बावीस वर्षांत त्यांनी त्या रकान्यात शेकडो नावं लिहिली होती. थोडा विचार करून त्यांनी लिहिलं : पिवळे टॅग वेळेवर उपलब्ध नव्हते.

ज्योतीरामनं कागद डोळ्यांजवळ धरला. "टॅगाची कशी चुकी आसंल? मानसाचं नाव पायजेल. तुमीच शिकिवलंवतं, पाच डाव 'का' इचारलं की खरं बाहेर येतं. इचारू का?"

"अहो, उशीर होतोय."

"विचारा, भाऊ," विजयश्री म्हणाली.

"बॅटरी आनल्या आनल्या गाडीत का न्हाई बसिवली?"

"तपासायची होती."

"का? दुकानदारानं तपासून न्हवती दिली?"

"दिली होती."

"मंग त्येच्यावर इस्वास का न्हाई?"

"त्याच्यावर आहे हो. पोरगा चांगला आहे."

"मंग इस्वास न्हाई कुनावर?"

 उद्धवरावांनी भिंतीकडं पाहिलं, बॅटरीकडं पाहिलं, मग अर्धा क्षण बायकोकडं पाहिलं. स्कूटर चालवून तिचं कपाळ घामानं डबडबलं होतं.

"माझ्यावर," ते हळूच म्हणाले. "गेल्या वर्षीची बॅटरी मीच निवडली होती. साधी. दुकानदार नको म्हणत होता तरी मी घेतली. तीच बसली. एसीचा काही संबंध नव्हता."

आवारात कोणीतरी पत्रा टाकला, त्याचा मोठा आवाज झाला. विजयश्री पिंपावरून उठली.

"आणि खड्ड्यांचा?"

"खड्ड्यांचाही नव्हता."

विजयश्रीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि लगेच तिला हसूही फुटलं. वर्षभर ज्या गोष्टीचं ओझं ती वागवत होती, ती तिची नव्हतीच. भंगाराच्या आवारात का होईना, कोणीतरी ते बोललं होतं. "मग तसं लिहा," ती म्हणाली. "पेनानं."

उद्धवरावांनी रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.  आणि गंमत म्हणजे लिहून झाल्यावर त्यांना बरं वाटलं, पायातला खडा काढल्यासारखं.

"गिऱ्हाईक कोन?" ज्योतीरामनं विचारलं.

"मी," असं म्हणून विजयश्रीनं माहेरच्या आडनावासकट सही केली. "आणि भाऊ, ह्याची एक झेरॉक्स मला."

टब जमा झाला, बॅटरी ताब्यात आली. ज्योतीराम स्वतः गेटपर्यंत सोडायला आला.

शनिवारी संध्याकाळी प्रज्वल आला. त्यानं बॅटरी बसवली आणि गाडीला एक छोटं यंत्र जोडलं. नवी बॅटरी आली हे गाडीला सांगावं लागतं, नाहीतर ती जुनीच आहे असं समजून वागते, असं तो म्हणाला. मग चावी फिरली. गाडी पहिल्याच फटक्यात अशी गरजली की तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्यानं भुंकून दाद दिली. उद्धवरावांनी बॉनेटवर हिरवा टॅग लावला. तो विजयश्रीनं काढून पर्समध्ये टाकला.

रविवारी सकाळी विजयश्री मोरपिशी साडी नेसून गाडीत बसली आणि तिनं एसी लावला. एकवर नाही, थेट तीनवर. उद्धवरावांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मोशी मागं पडली, गेल्या वर्षीची ती जागाही मागं पडली. विजयश्री गुणगुणायला लागली. साडेनऊला गाडी चाकणच्या कार्यालयाच्या फाटकात होती, नवऱ्यामुलाकडची मंडळी नुकतीच उतरत होती. समाधान, त्याचे पाहुणे, आत्यामावश्या, सगळं माहेर स्वागताला फाटकात उभं. समाधानच्या चेहऱ्यावर साफ निराशा होती. टेम्पोबद्दल बोलायचं त्यानं ठरवून ठेवलं असावं. विजयश्री खिडकीची काच खाली करून राणीसारखी हसली.

फाटकात रांगोळीचा शेवटचा ठिपका चालू होता, म्हणून कोणीतरी हात वर केला. उद्धवराव थांबले. अख्ख्या रस्त्यात, चाकणच्या गर्दीतसुद्धा, भीतीपोटी त्यांनी क्लचवरचा पाय सोडला नव्हता. आता पोचलोच म्हणून त्यांनी गाडी न्यूट्रल केली, पाय मोकळा केला आणि सुस्कारा टाकला.

इंजिन बंद पडलं.

 सगळं माहेर समोर उभं. विजयश्रीचं हसू अजून तसंच होतं, तिला अजून कळलं नव्हतं. तिला कळायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. उद्धवरावांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ते खच्चून ओरडले, "समाधान! ढकला रे, लवकर ढकला!"

समाधानचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. "आलो, दाजी!" तो फेटा सावरत धावला. मागोमाग आठ-दहा फेटेवाले आले. नवऱ्यामुलाचे दोन काकाही मानापानाचा विचार न करता डिकीला भिडले.

"अहो, एकदा चावी तरी—" विजयश्री म्हणाली.

"डिझेल गाडी आहे, तुला नाही कळायचं," असं म्हणून उद्धवरावांनी सेकंड गिअर टाकायला क्लच दाबला. इंजिन चालू झालं. अजून कोणी ढकललंही नव्हतं.

"झाली! नुसत्या हातानं झाली!" मागून आरडाओरडा झाला. उद्धवराव खूश होऊन म्हणाले, "बॅटरी कोणी निवडलीय!" आणि पुन्हा न्यूट्रल करून त्यांनी पाय काढला. इंजिन बंद. "ढकला!" क्लच दाबला. चालू. तिसऱ्यांदा तसंच झालं, तेव्हा मागच्या मंडळींना ढकलावं की टाळ्या वाजवाव्यात तेच कळेना.

नवऱ्यामुलाचे वडील, यशवंतराव, कमरेवर हात ठेवून हे बघत होते. ते खिडकीशी आले. "पावनं, माझ्याकडं बी हीच गाडी हाय. ती बंद न्हाई पडत. थांबून क्लच सोडला की डिझेल वाचवाया आपसूक गप व्हती, आन् क्लच दाबला की उठती. पर बॅटरीत दम आसंल तरच हां. तुमची मागली बॅटरी म्हातारी आसंल, म्हनून तुमाला ठावं न्हाई. ही मातुर लय भारी निवडली बगा तुमी."

विजयश्रीनं हे ऐकलं आणि ती पुन्हा राणीसारखी ताठ बसली. भर माहेरासमोर, खुद्द व्याह्यांच्या तोंडून, तिची गाडी भारी ठरली होती. उद्धवरावांनाही धीर आला. त्यांनी घसा साफ केला आणि ईएफबी म्हणजे काय, ती कशी निवडावी, लेबल किती मिलिमीटरपर्यंत वाकडं चालतं, हे फेटेवाल्यांना समजावून सांगायला सुरुवात केली.

तेवढ्यात सासूबाई, सावित्रीबाई, ओवाळणीचं तबक घेऊन पुढं आल्या. त्यांनी लेकीला कुंकू लावलं, जावयाला लावलं आणि बॉनेटवरून प्रेमानं हात फिरवला.

"लई गुणाची गाडी हाय बघा जावईबापू," त्या म्हणाल्या. "कवा गप बसावं, ते कळतंय तिला."